पीटूपी कर्जांवरचा कर: व्याजाचा हिशेब, बुडीत मुद्दल आणि रिटर्न

समजा, तुम्ही पीटूपी (पीअर-टू-पीअर) प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे अनोळखी माणसांना थेट कर्ज देण्याची सोय करणाऱ्या ॲपवरून, पन्नास जणांना प्रत्येकी ४,००० रुपये, म्हणजे एकूण २ लाख रुपये कर्जाऊ दिले. वर्षभरात ३०,००० रुपये व्याज आलं. प्लॅटफॉर्मने जीएसटी धरून ४,००० रुपये शुल्क घेतलं. तिघांनी एकही हप्ता न भरता हात वर केले आणि त्यांच्याकडचं १२,००० रुपये मुद्दल बुडालं. तुमच्या पदरात खरोखर पडले १४,००० रुपये. प्राप्तिकराच्या हिशेबात मात्र तुमचं उत्पन्न २६,००० रुपये आहे. शुल्क वजा होतं, बुडालेलं मुद्दल वजा होत नाही.

तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर ४ टक्के उपकरासह दर ३१.२ टक्के होतो. २६,००० वर कर ८,११२ रुपये, हातात उरतात ५,८८८. दोन लाखांवर हा परतावा ३ टक्क्यांनाही पोचत नाही. हेच दोन लाख ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत असते तर व्याज तेवढंच, १४,००० रुपये, आलं असतं. त्यावर कर ४,३६८ आणि हातात ९,६३२. करापूर्वीची कमाई दोन्हीकडे सारखीच आहे. फरक एवढाच की पीटूपीत खऱ्या कमाईचा जवळजवळ ५८ टक्के भाग करात गेला.

प्लॅटफॉर्मच्या डॅशबोर्डवरचा परतावा करापूर्वीचा असतो, आणि बऱ्याचदा बुडीत कर्जांचा पुरता विचार होण्याआधीचाही असतो. म्हणून कर कसा भरायचा याबरोबर तो भरल्यावर काय उरतं, हेही इथे पाहू.

कलमांबद्दल एक खुलासा आधीच करतो. इथली कलमं १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला तोच कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा २०२५ लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि आर्थिक वर्ष (कमाईचं) व आकारणी वर्ष (त्याच्या पुढचं, कर ठरण्याचं) या जोडीऐवजी एकच 'कर वर्ष' आलं आहे. व्याजावरच्या कराचं मूळ तत्त्व तेच आहे, पण नव्या कायद्यात जुने क्रमांक शोधत बसू नका.

व्यवहारात तुमची जागा कोणती

पीटूपी प्लॅटफॉर्म म्हणजे रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी झालेली एक प्रकारची बिगरबँक वित्त कंपनी. तिच्यासाठीचे निर्देश ऑक्टोबर २०१७ मध्ये आले. ही कंपनी तुमच्याकडून ठेव घेत नाही आणि स्वतःच्या खिशातून व्याजही देत नाही. ती फक्त गाठ घालून देते. कर्ज तुम्ही देता, करार तुमचा आणि कर्जदाराचा असतो, पैसे एस्क्रो खात्यातून, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या ठेवलेल्या मध्यस्थ खात्यातून, फिरतात. एका कर्जदाराला एका व्यक्तीने सगळे प्लॅटफॉर्म मिळून जास्तीत जास्त ५०,००० रुपये द्यायचे, सगळीकडचं मिळून एकूण कर्जवाटप ५० लाखांच्या वर न्यायचं नाही, आणि १० लाखांच्या वर जायचं असेल तर किमान ५० लाख रुपये नक्त मालमत्ता (देणी वजा जाता उरणारी) असल्याचं सीएचं प्रमाणपत्र द्यायचं, अशा मर्यादा आहेत. कर्जाची मुदत ३६ महिन्यांपेक्षा जास्त असत नाही.

१६ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने हे नियम आणखी कडक केले. ठरावीक मुदतीला ठरावीक परतावा, हवे तेव्हा पैसे काढा, अशा ठेवीसारख्या दिसणाऱ्या योजना चालवता येणार नाहीत आणि मुद्दल किंवा व्याज बुडालं तर तो तोटा पूर्णपणे कर्ज देणाऱ्याचाच, हे स्पष्ट केलं.

कराच्या दृष्टीने यातून तीन गोष्टी निघतात. तुमचं उत्पन्न हे कर्जावरचं व्याज आहे, म्युच्युअल फंडासारखा भांडवली नफा नव्हे. ॲपमध्ये त्याला 'ग्रोथ' म्हटलेलं असो वा 'अर्निंग्ज', सवलतीचा दर नाही आणि जास्त काळ पैसे ठेवल्याचा फायदाही नाही. दुसरं, बँकेच्या व्याजाला मिळणाऱ्या वजावटी इथे लागू नाहीत. बचत खात्यासाठीची कलम ८०टीटीएची १०,००० रुपयांची आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीची ८०टीटीबीची ५०,००० रुपयांची वजावट बँक, सहकारी बँक आणि पोस्टातल्या व्याजापुरतीच आहे, तीही जुन्या करप्रणालीत. तिसरं, ठेवींना मिळणारं ५ लाखांपर्यंतचं विमासंरक्षण इथे नाही.

तर हे व्याज 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न' या सदरात जातं, तुमच्या पगारात किंवा पेन्शनमध्ये मिळवलं जातं आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे त्यावर कर लागतो.

पहिली पायरी: स्टेटमेंट उतरवून घ्या आणि हप्ता फोडा

प्रत्येक प्लॅटफॉर्मवरून १ एप्रिल ते ३१ मार्च या काळाचं कर्जनिहाय स्टेटमेंट उतरवून घ्या. नुसता वार्षिक सारांश पुरत नाही. प्रत्येक जमेच्या रकमेत मुद्दल किती, व्याज किती, उशिराचा दंड किती आणि शुल्क किती, हे वेगळं दिसायला हवं.

हप्त्यातलं मुद्दल हे उत्पन्न नाही. ते तुमचेच पैसे परत आले. व्याज मात्र सगळं उत्पन्न आहे, आणि कर्जदाराने भरलेल्या दंडातला तुमचा वाटाही. प्लॅटफॉर्मने ओळखीच्या माणसाला जोडून दिल्याबद्दल काही रक्कम दिली असेल तर तीही करपात्र आहे. ते व्याज नाही, म्हणून वेगळ्या ओळीत लिहा.

सगळ्यात जास्त घोळ पुन्हा गुंतवलेल्या पैशात होतो. आलेलं व्याज ॲपने आपोआप दुसऱ्या कर्जदाराला दिलं, तुमच्या बँक खात्यात रुपयाही आला नाही, तरी ते व्याज तुम्हाला मिळालं आहे. एस्क्रो खात्यात तुमच्या नावे जमा झालं तीच मिळकतीची तारीख. पुढे त्याचं काय केलं याच्याशी कराचा संबंध नाही. 'पैसे काढले तेव्हा कर' ही समजूत इथे चालत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे: वर्षात तुम्ही प्लॅटफॉर्मवरून ८०,००० रुपये बँकेत काढले असतील आणि त्यात व्याज फक्त ९,००० असेल, तर उत्पन्न ९,००० च. बँकेत दिसणारी मोठी जमा कशाची, हे दाखवायला कर्जनिहाय स्टेटमेंटच उपयोगी पडतं. ते संगणकावर उतरवून ठेवा. प्लॅटफॉर्म बंद पडला तर लॉगइनही जातं.

२०२४ नंतर बंद झालेल्या योजनांमधले पैसे ज्यांना अजून तुकड्यातुकड्याने परत मिळत आहेत, त्यांनी हे जास्तच बारकाईने करावं. अशा परतफेडीत बहुतांश मुद्दल असतं, पण त्यातला व्याजाचा भाग स्टेटमेंटमध्ये कुठेतरी वेगळा दाखवलेला असतो. सापडला नाही तर प्लॅटफॉर्मकडे लेखी मागा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

दुसरी पायरी: व्याज आलं तेव्हा धरायचं, की देय झालं तेव्हा

कलम १४५ प्रमाणे या सदरातलं उत्पन्न दोन पद्धतींनी मोजता येतं. एक, प्रत्यक्ष जमा झाल्यावर. दुसरी, व्याज देय झालं की, मग पैसे आले असोत वा नसोत. जी पद्धत धराल ती नियमितपणे पाळायची. एका वर्षी ही, पुढच्या वर्षी ती, असं चालत नाही.

पीटूपीसाठी माझा सल्ला ठाम आहे: जमा पद्धत. इथे हप्ते चुकतात, अर्धवट येतात, महिनोन्महिने थकतात. देय पद्धत धरली तर न मिळालेल्या व्याजावर आधी कर भरावा लागेल, आणि ते व्याज पुढे कधीच आलं नाही तर वजावट मिळवताना दमछाक होईल. प्लॅटफॉर्मचं स्टेटमेंट थकीत व्याजही 'कमावलेलं' म्हणून दाखवत असेल तर त्यातली फक्त जमा झालेली रक्कम घ्या.

अर्धवट परतफेडीचा एक प्रश्न नेहमी येतो. कर्जदाराकडे ३,००० रुपये मुद्दल आणि ५०० रुपये व्याज थकलं आहे. तडजोडीत २,००० रुपये आले. यात व्याज किती? करारात जो क्रम लिहिला असेल तो धरायचा. करारात काहीच नसेल तर आधी व्याज, मग मुद्दल, हा सर्वसाधारण न्याय, म्हणजे ५०० रुपये उत्पन्न आणि १,५०० मुद्दल. प्लॅटफॉर्मने स्टेटमेंटमध्ये जी विभागणी केली असेल तीच सगळ्या कर्जांना सारखी लावा. सोयीप्रमाणे बदलू नका.

तिसरी पायरी: शुल्क वजा करा

व्याज मिळवण्यासाठी पूर्णपणे आणि केवळ त्याच कारणासाठी केलेला खर्च कलम ५७(३) खाली वजा होतो, फक्त तो भांडवली किंवा खाजगी स्वरूपाचा नसावा. प्लॅटफॉर्मचं सेवाशुल्क, वसुलीचा आकार आणि त्यावर लागलेला १८ टक्के जीएसटी या कसोटीला उतरतात. ही वजावट जुन्या आणि नव्या दोन्ही करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत काढून घेतलेल्या वजावटींच्या यादीत ती नाही. एकदाच भरलेल्या नोंदणी शुल्काबद्दल मात्र ते भांडवली आहे की महसुली, असा वाद होऊ शकतो. रक्कम किरकोळ असेल तर त्यापायी डोकं शिणवू नये.

शुल्काची बिलं किंवा स्टेटमेंटमधल्या त्या ओळी ठेवा. आणि रिटर्नमध्ये निव्वळ आकडा टाकू नका. व्याज पूर्ण दाखवायचं, शुल्क वजावटीच्या रकान्यात वेगळं.

चौथी पायरी: बुडालेल्या मुद्दलाचं काय

इथेच बहुतेकांचा हिशेब फसतो, म्हणून जरा थांबून बघू.

बुडीत कर्जाची वजावट कायद्यात आहे, पण ती धंद्याच्या उत्पन्नासाठी आहे. कलम ३६(१)(७) आणि ३६(२) एकत्र वाचली की अट कळते: ती रक्कम आधी उत्पन्नात धरलेली असावी, किंवा बँकिंग अथवा सावकारीच्या धंद्याच्या ओघात कर्जाऊ दिलेली असावी. पगारदार माणसाने बचतीतून दिलेलं कर्ज यात बसत नाही. 'इतर स्रोत' या सदरात मुद्दल बुडाल्याची वजावट नाही. कलम ५७ खर्चाबद्दल बोलतं, आणि बुडालेलं मुद्दल हा खर्च नसून भांडवल आहे.

मग भांडवली तोटा म्हणून दाखवता येईल का, असं पुष्कळजण विचारतात. भांडवली नफातोट्यासाठी मालमत्तेचं हस्तांतर व्हावं लागतं. कर्ज बुडीत म्हणून सोडून दिलं की कुणाला काही हस्तांतरित होत नाही. त्यामुळे या दाव्याचा पाया कच्चा आहे. काही हजारांसाठी असा दावा करून छाननी ओढवून घेऊ नये, असं मला वाटतं.

तिसरा मार्ग सुचवला जातो तो म्हणजे सगळंच धंदा म्हणून दाखवायचं. नियमितपणे, मोठ्या रकमेने, संघटितपणे कर्ज देणाऱ्याचं उत्पन्न धंद्याचं ठरू शकतं आणि तिथे बुडीत मुद्दलाची वजावटही मिळू शकते. पण मग धंद्याच्या उत्पन्नाचा रिटर्न फॉर्म, आयटीआर-३, भरायचा, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, आणि मुख्य म्हणजे 'मी सावकारीचा धंदा करतो' हे स्वतःच्या सहीने सांगायचं. महाराष्ट्रात सावकारीसाठी २०१४ चा नियमन कायदा आहे आणि त्यात परवाना लागतो. दोन-चार लाख रुपये गुंतवलेल्या नोकरदाराने या वाटेला जाऊ नये. ज्यांचं वाटप खरोखर मोठं आहे त्यांनी आधी सीएशी बोलावं. रिटर्न भरायच्या आदल्या आठवड्यात नव्हे, वर्षाच्या सुरुवातीला.

म्हणजे बचतदारासाठी बुडालेलं मुद्दल करमुक्त करता येत नाही. तोट्याचा पूर्ण भार करानंतरच्या पैशावर पडतो. वरच्या उदाहरणात ३० टक्के स्लॅबवाल्याकडे कर भरून १७,८८८ रुपये उरतात. मुद्दल तेवढं बुडालं की वर्षाची कमाई शून्य. कर नसता तर २६,००० रुपये बुडेपर्यंत तो तगला असता. या दोन रकमांमध्ये तोटा झाला तर माणूस केवळ करामुळे घाट्यात जातो, आणि तरीही त्याला कर भरावाच लागतो. कमी स्लॅबमध्ये हा फटका सौम्य होतो. ५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये त्याच उदाहरणात कर १,३५२ रुपये आणि हातात १२,६४८. थोडक्यात, ज्यांचा स्लॅब वरचा आहे त्यांच्यासाठी पीटूपी महाग आहे, आणि जाहिरातीतला परतावा हे सांगत नाही.

बुडीत धरलेल्या कर्जातलं मुद्दल पुढे कधी वसूल झालं तर ते उत्पन्न नाही, कारण तुम्ही त्याची वजावट घेतलेलीच नव्हती. म्हणून बुडीत कर्जांची यादी वर्षानुवर्षं जपून ठेवा.

पाचवी पायरी: १२ लाखांची रेषा

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. पुढे दर ४ लाखांना ५, १०, १५, २०, २५ टक्के असे टप्पे आहेत आणि २४ लाखांवर ३० टक्के. एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७एची ६०,००० रुपयांपर्यंतची सूट कर शून्यावर आणते. पीटूपीचं व्याज सर्वसाधारण दरानेच करपात्र असल्याने त्यालाही ही सूट मिळते.

अडचण रेषेच्या काठावर असणाऱ्यांची होते. प्रमाणित वजावटीनंतर तुमचा पगार ११,९०,००० आहे. कर शून्य. त्यात पीटूपीचे निव्वळ २६,००० मिळाले की उत्पन्न १२,१६,०००. स्लॅबप्रमाणे कर ६२,४०० होतो, पण सीमांत सवलतीमुळे तो १२ लाखांवरच्या रकमेइतकाच, म्हणजे १६,००० रुपये, राहतो. उपकर धरून १६,६४०. २६,००० च्या कमाईवर १६,६४० रुपये कर! त्यात १२,००० मुद्दल बुडालं असेल तर वर्षाचा निकाल २,६४० रुपये तोटा असा लागतो.

या पट्ट्यात शुल्काची वजावट सोडणं फार महागात पडतं. ४,००० रुपयांचं शुल्क दाखवलं नाही तर कर बरोबर ४,१६० रुपयांनी वाढतो, कारण रेषेवरचा प्रत्येक रुपया पूर्णच्या पूर्ण करात जातो. तुमचं उत्पन्न १२ लाखांच्या आसपास घुटमळत असेल तर जानेवारीतच बेरीज करून बघा. व्याज त्या वर्षी येणार की पुढच्या वर्षी, हे कर्ज देताना मुदत निवडूनच ठरवता येतं. ते एकदा जमा झालं की पर्याय उरत नाही.

सहावी पायरी: टीडीएस नाही, म्हणून अ‍ॅडव्हान्स टॅक्स

मुदत ठेवीत बँक टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापला जाणारा कर, कापते, त्यामुळे निदान आठवण तरी राहते. पीटूपीत व्याज देणारा कर्जदार असतो. कलम १९४ए प्रमाणे व्याजावर टीडीएस कापण्याची जबाबदारी साध्या व्यक्तीवर नाही. आदल्या वर्षी ज्या व्यक्तीची धंद्यातली उलाढाल १ कोटींच्या वर किंवा व्यवसायातली जमा ५० लाखांच्या वर होती, तिच्यावरच ती येते, तीही वर्षाचं व्याज १०,००० रुपयांच्या पुढे गेलं तर. पन्नास जणांकडून थोडंथोडं व्याज येत असताना हा प्रसंग क्वचितच येतो. टीडीएस थांबवायला ज्येष्ठ नागरिक बँकेत देतात तो फॉर्म (जुन्या कायद्यात १५एच) इथे कामाचा नाही. कापलंच जात नाही तर थांबवायचं काय?

म्हणून कर स्वतः भरायचा. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त होत असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायचा कर, लागतो. पगारावरचा टीडीएस नीट कापला जात असेल आणि दुसरं काही उत्पन्न नसेल, तर ३० टक्के स्लॅबवाल्याला साधारण ३२,००० रुपयांच्या निव्वळ व्याजाला ही मर्यादा लागते, २० टक्के स्लॅबवाल्याला साधारण ४८,००० ला. पण ठेवींवर बँकेने १० टक्केच कापलेले असतात, तिथली तूटही यात मिळवायची असते. त्यामुळे मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते.

तारखा आणि प्रमाण असं: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. चुकलं तर कलम २३४बी आणि २३४सी खाली दरमहा १ टक्का व्याज. समजा कर १५,६०० रुपये होता, एकही हप्ता भरला नाही आणि सगळा जुलैत भरला, तर वर सुमारे १,४०० रुपये व्याज जातं. ६० वर्षं पूर्ण झालेल्या, धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या निवासी नागरिकांना अ‍ॅडव्हान्स टॅक्समधून सूट आहे. त्यांनी रिटर्नच्या वेळी कर भरला तरी चालतो.

नोकरदारांसाठी याहून सोपी वाट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. कलम १९२(२बी) प्रमाणे इतर उत्पन्नाची माहिती कंपनीच्या लेखा विभागाला द्या, ते पगारातून तेवढा जास्त टीडीएस कापतात. वर्षभरात समान विभागून कर जातो आणि तारखांची कटकट संपते.

ज्यांना स्वतः भरायचा आहे त्यांनी आयकर पोर्टलवर ई-पे टॅक्समध्ये जाऊन वर्ष नीट निवडावं. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या करासाठी आकारणी वर्ष २०२६-२७ निवडायचं. एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स कर वर्ष २०२६-२७ साठी असतो. दोन्हीकडे आकडे तेच दिसतात, त्यामुळे चलन चुकीच्या खात्यावर जाण्याची शक्यता या संक्रमणाच्या काळात फार आहे.

सातवी पायरी: कोणता फॉर्म, कोणता रकाना

पगार, घर आणि व्याज एवढंच उत्पन्न असेल आणि एकूण ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर-१ चालतो. पण त्यात कलम ५७ ची वजावट फक्त कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आहे. प्लॅटफॉर्मचं शुल्क वजा करायचं असेल तर आयटीआर-२ भरावा लागतो. आयटीआर-४ भरणाऱ्यांना, म्हणजे धंद्याचं उत्पन्न अंदाजित पद्धतीने दाखवणाऱ्यांनाही, हीच अडचण येते आणि त्यांना आयटीआर-३ कडे जावं लागतं. शुल्क पाचशे-हजार रुपये असेल तर सोपा फॉर्म भरून ते सोडून देणं मी समजू शकतो. चार-पाच हजार असेल तर आयटीआर-२ चे कष्ट घ्या. तो दिसतो तितका अवघड नाही.

इतर स्रोतांच्या परिशिष्टात व्याजाच्या रकान्यांपैकी बचत खाते किंवा मुदत ठेव यात हे टाकू नका, 'इतर' व्याजात टाका. ते बचत खात्याच्या ओळीत गेलं तर ८०टीटीएची चुकीची वजावट आपोआप लागू शकते. शुल्क कलम ५७ च्या वजावटीत.

भरण्याआधी आयकर पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे तुमच्या उत्पन्नाची खात्याकडे पोचलेली माहिती दाखवणारं एआयएस, उघडून बघा. पीटूपीचं व्याज तिथे दिसेल किंवा दिसणारही नाही. दिसलं नाही म्हणून ते दाखवायचं नाही, असं अजिबात नाही. दिसलं आणि आकडा जुळत नसेल, मुद्दलसुद्धा व्याज म्हणून नोंदलं गेलं असेल, तर तिथेच हरकत नोंदवा आणि रिटर्नमध्ये तुमच्या स्टेटमेंटवरून येणारा खरा आकडा लिहा. आयटीआर-१ आणि २ साठी मुदत ३१ जुलैची.

जोडीदाराच्या नावाने गुंतवताना

स्वतःचा स्लॅब वरचा आहे म्हणून पैसे पत्नीच्या किंवा पतीच्या खात्यात टाकून तिथून पीटूपीत गुंतवणं हा घरोघरी चालणारा प्रकार आहे. कलम ६४ प्रमाणे जोडीदाराला मोबदल्याशिवाय दिलेल्या पैशावरचं व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. खातं, पॅन, करार सगळं जोडीदाराच्या नावावर असलं तरी. त्या व्याजाची पुढे जोडीदाराने गुंतवणूक केली तर त्यावर येणारं व्याज मात्र जोडीदाराचं धरलं जातं. म्हणून मूळ रक्कम आणि व्याजातून झालेली गुंतवणूक वेगळी ठेवावी, शक्यतो वेगळ्या खात्यात. जोडीदाराचा स्वतःचा पगार, स्त्रीधन किंवा माहेरून मिळालेली रक्कम असेल तर प्रश्नच नाही. आईवडिलांना बक्षीस दिलेल्या पैशावरचं व्याज त्यांचंच धरलं जातं. मात्र निवृत्त आईवडिलांच्या हातातला पैसा असा विनातारण, विमा नसलेल्या कर्जांत घालणं मला पटत नाही, कर वाचत असला तरी.

मागच्या वर्षांत दाखवायचं राहिलं असेल तर

चालू रिटर्न भरून झालं असेल आणि दुरुस्तीची मुदत शिल्लक असेल तर सुधारित रिटर्न भरा. ती गेली असेल तर अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, आहे. आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते भरता येतं. कर आणि व्याज यांच्या बेरजेवर जादा कर लागतो: पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ महिन्यांत ५०, ३६ पर्यंत ६० आणि ४८ पर्यंत ७० टक्के. कराचा रिफंड वाढवायला किंवा तोटा दाखवायला हे रिटर्न वापरता येत नाही, फक्त राहिलेलं उत्पन्न दाखवायला. टप्पा ओलांडला की जादा कराचा दर चढतो, म्हणून ३१ मार्चच्या आत भरायचं की नंतर, याने खिशावर मोठा फरक पडतो. राहिलेली वर्षं एकापेक्षा जास्त असतील तर ज्या वर्षाचा टप्पा आधी संपतो त्याचं रिटर्न आधी भरा, आणि त्यासाठी त्या वर्षाचं कर्जनिहाय स्टेटमेंट आजच उतरवून घ्या.